कार्ड जुने, हिशोब नवा

परीक्षा संपली की मुलांच्या मागण्या सुरू होतात, हे काही नवे नाही. आमच्या वेळी सायकल हवी असायची आणि तीही वडिलांकडे थेट मागण्याची छाती नसल्यामुळे आईमार्फत. आमच्या चिरंजीवांची पीयूसीची परीक्षा आटोपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे ‘जीटीएक्स १०६०’, उजवीकडे ‘आरएक्स ५८०’ आणि खाली आकडेच आकडे. मला वाटले, सीईटीनंतरच्या कॉलेजांची काही भानगड असेल.

‘बाबा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. माझे आठ हजार साठलेत. दोन्ही जुनीच आहेत, सेकंडहँड. कुठलं घेऊ ते फक्त सांगा.’

स्वयंपाकघरातून लगेच निकाल आला, ‘एरडू ब्याड, मोदल ओदु!’ आमच्या सौभाग्यवती धारवाडच्या. एरवी घरात मराठीत बोलतात. पण खर्चाचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून आपोआप कन्नड येते आणि त्यावर अपील चालत नाही.

पण पैसे मुलाचे होते. पाडव्याला आणि वाढदिवसाला मिळालेले, शिवाय गल्लीतल्या दोन पोरांची गणिताची शिकवणी घेऊन जमवलेले. ज्याने कमावले त्याला खर्च करायचा हक्क आहे, फक्त तो शहाणपणाने केला पाहिजे, एवढे अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून मला मान्य करावेच लागले. मी त्याला म्हटले, ‘आधी मला समजावून सांग. मग ठरवू.’

ग्राफिक्स कार्ड काय करते हे त्याने पुष्कळ समजावले, पण मला उमजले ते सासूबाईंमुळे. त्या हल्ली आमच्याकडेच असतात आणि रोज सकाळी दारात चुक्की रांगोळी काढतात. संगणकाचा पडदा म्हणजेही ठिपक्यांचीच रांगोळी. आमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळ चालू असताना ही रांगोळी एका सेकंदात ६० वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे! एकटी अज्जी, कितीही कसलेली असली, तरी तिला हे जमणार नाही. त्यासाठी हजार-दोन हजार जणी एकदम बसवाव्या लागतील. संगणकाचा मुख्य प्रोसेसर ही एकटी अज्जी, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजार पोरींचा तो ताफा.

आता ते दोन ताफे पाहू. जीटीएक्स १०६० हे एनव्हिडिया कंपनीचे कार्ड, जुलै २०१६ मध्ये बाजारात आले. त्यात काम करणारे हात १२८० आणि जवळची स्मृती ६ जीबी. अमेरिकेत त्याची किंमत २४९ डॉलरपासून सुरू व्हायची. आरएक्स ५८० हे एएमडी कंपनीचे, एप्रिल २०१७ चे. आदल्या वर्षीच्या आरएक्स ४८० चीच ही थोडी सुधारलेली आवृत्ती. हात २३०४, स्मृती ८ जीबी, किंमत २२९ डॉलर.

‘मग प्रश्नच मिटला,’ मी म्हटले. ‘हात जास्त, जागा जास्त, किंमत कमी. उजवीकडचं घे.’

चिरंजीव हसले. दोन कंपन्यांचे हात सारखे नसतात. एनव्हिडियाचे हात कमी, पण भरभर चालणारे. त्यांची कमाल गती १७०८ मेगाहर्ट्झ, तर एएमडीच्या हातांची १३४०. शिवाय काम वाटून देण्याची पद्धतही दोघांची वेगळी. तेव्हा १२८० आणि २३०४ यांची थेट तुलना करणे म्हणजे कर्नाटक बोर्डाचे गुण आणि सीबीएसईचे गुण शेजारी ठेवून मुलगा हुशार की मठ्ठ हे ठरवणे. प्रवेशाच्या वेळी ही चूक आमच्या कॉलेजातही होते, तेव्हा मी गप्प बसलो.

प्रत्यक्षात ही दोन कार्डे एकोणीस-वीसच. त्याचा एक चांगला पुरावा मुलाने दाखवला. ‘सायबरपंक २०७७’ नावाचा एक अवजड खेळ आहे. २०२३ मध्ये त्याची २.० ही सुधारित आवृत्ती आली, तेव्हा खेळासाठी किमान काय लागेल याच्या यादीत कंपनीने एकाच ओळीत दोन्ही नावे दिली होती : जीटीएक्स १०६० सहा जीबी किंवा आरएक्स ५८० आठ जीबी. खेळ बनवणाऱ्यांनीच दोघांना एका बाकावर बसवले!

तरी स्वभावाचा फरक आहे. डायरेक्टएक्स ११ या जुन्या पद्धतीवर लिहिलेले खेळ १०६० वर जास्त सुरळीत चालतात. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नंतरच्या पद्धतींवर लिहिलेल्या खेळांत, उदाहरणार्थ २०१९ मध्ये संगणकावर आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये, ५८० पुढे जाते. आणि स्मृतीचा फरक तर वर्षागणिक जास्त जाणवत गेला. स्मृती म्हणजे हाताशी ठेवलेल्या रंगांच्या वाट्या. हवा तो रंग हाताशी नसेल तर उठून आतल्या खोलीत जावे लागते, तेवढा वेळ रांगोळी थांबते आणि खेळणाऱ्याला पडद्यावर झटका बसतो. २०१६ मध्ये ६ जीबी पुरून उरायचे. नव्या खेळांत चित्रांचा दर्जा वाढवला की ते पुरत नाहीत, तिथे ८ जीबीवाले तग धरते. विकत घेताना साधारण सारखी असलेली ही जोडी वर्षे जातील तशी ५८० च्या बाजूला झुकत गेली, हे मान्य केले पाहिजे.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारले, ‘तू कुठले खेळ खेळणार?’ उत्तर आले, मुख्यतः व्हॅलोरंट, मित्रांबरोबर. शिवाय जीटीए ५ आणि कधीमधी एखादा मोठा खेळ. ‘आणि आपला पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो?’ साठ.

सीमांत उपयोगितेचा धडा मी दरवर्षी शिकवतो. तहानलेल्याला पहिला पेला अमृतासारखा, दुसरा बरा, चौथा नकोसा. आमचा पडदा साठच्या वर चित्रे दाखवतच नाही. व्हॅलोरंट हा हलका खेळ, या दोन्ही कार्डांवर तो साठाच्या कितीतरी पुढे पळतो. मग एका कार्डाने दीडशे चित्रे काढली काय आणि दुसऱ्याने एकशे सत्तर काढली काय, वरची सगळी मोरीत ओतल्यासारखीच. (वेगवान पडद्यावर खेळणारे तरबेज लोक यावर वाद घालतील, त्यांना माझा नमस्कार.) खेळाच्या चाचण्यांचे तक्ते वाचताना आपला पडदा, आपले खेळ आणि आपली नजर यांना त्या फरकातला किती वाटा मिळणार, हे आधी विचारावे.

पुढचा रकाना विजेचा. १०६० ची ठरलेली भूक १२० वॅट, ५८० ची १८५. फरक ६५ वॅटचा. रोज तीन तास खेळले तर महिन्याला जेमतेम सहा युनिटे. ‘रोज तीन तास कोणी ठरवलं?’ असा प्रश्न आतून मराठीत आला, म्हणजे वातावरण जरा निवळले होते. सहा युनिटांनी घर बुडत नाही. पण कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेली युनिटे मोफत मिळतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. ज्यांचे मीटर उन्हाळ्यात १९५ च्या आसपास घुटमळते त्यांना या सहा युनिटांचे मोल कळेल. चंदगड-गडहिंग्लजकडच्या वाचकांनी आपापल्या दराने गुणाकार करून पाहावा.

विजेची खरी अडचण बिलात नव्हतीच, ती संगणकाच्या पोटात होती. आमच्या जुन्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा ४५० वॅटचा आणि त्यात कार्डासाठी सहा पिनांची एकच वायर. १०६० ला सहसा तेवढी पुरते, कंपनीची शिफारसही ४०० वॅटच्या डब्याची आहे. ५८० ला आठ पिनांची वायर लागते आणि डबा ५०० वॅटचा, चांगल्या जातीचा. म्हणजे ५८० घ्यायचे तर डबाही बदलणे आले. कागदावर स्वस्त दिसणारे कार्ड तिथेच महाग झाले.

दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच होती. १०६० होते धारवाडला, आमच्या मेहुण्यांच्या मुलाकडे. त्याने नवे कार्ड घेतले होते आणि जुन्याचे सहा हजार मागत होता. ‘घरातलं आहे, काही कमी कर की,’ असे मेहुणे त्याला म्हणाले, तर तो म्हणाला, ‘अप्पा, नातं वेगळं, व्यवहार वेगळा.’ मला पोरगा आवडला. ५८० होते इथेच बेळगावात, एका दुकानात, पाच हजार आठशेला. चिरंजीवांचा ओढा ५८० कडे होता. आठ जीबी, आणि हातात लगेच मिळणार. डब्यासाठी उरलेले पैसे घालायचीही त्याची तयारी होती. आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार बोलका होता. ‘एक नंबर कंडिशन, ओ सर. घरात वापरलेलं आहे बघा, पोरगं परदेशात गेलं म्हणून दिलं.’ कार्ड पुसूनपासून ठेवले होते, चकचकीत. मुलाने विनंती केली, जरा चालवून दाखवा. दुकानदाराने ते एका संगणकात लावले. मुलाने जीपीयू-झेड नावाचा छोटासा मोफत प्रोग्राम उघडला. कार्डाची कुंडलीच त्यात दिसते. त्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवून तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘बाबा, २०४८.’

हात २३०४ हवे होते. होते २०४८.

ही भानगड अशी. ऑक्टोबर २०१८ मध्ये एएमडीने चीनच्या बाजारासाठी ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ नावाचे कार्ड काढले. नाव ५८०, पण हात खालच्या आरएक्स ५७० इतकेच. पुढे अशी कार्डे आपल्याकडेही पोहोचली आणि विकताना नावातले शेवटचे शेपूट पुष्कळदा गळून पडते. कार्ड निकामी नसते, खेळ चालतात. पण पैसे ५८० चे आणि माल ५७० चा.

मी दुकानदाराला विचारले. तो गडबडला. ‘डब्यावर ५८० म्हणूनच आलंय की, ओ सर. आम्ही काय आतलं मोजतोय होय?’ तो खोटे बोलत होता असे मला अजूनही वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तसेच सांगून विकले असावे. ‘घरात वापरलेलं’ हेही तसेच ऐकीव. मधल्या काळात लोक अशी कार्डे डझनावारी लावून इथेरियम हे आभासी चलन ‘खोदत’ होते, रात्रंदिवस. आरएक्स ५८० हे त्यांचे लाडके कार्ड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डांनी खोदण्याचे काम एका दिवसात संपले. त्यानंतर ती कार्डे धुऊनपुसून जुन्या बाजारात आली. खाणीतले प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही; पण त्याचे पंखे झिजलेले आणि आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता जास्त. आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

परतताना मी मुलाला जॉर्ज अकर्लोफची गोष्ट सांगितली. या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाहीत. मग घेणारा सावध होऊन प्रत्येक गाडीला मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटाराच उरतात. याच कामासाठी त्याला २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. वीस वर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो. पण खिशातले पैसे घेऊन त्या बाजारात उभा राहिलो तो परवा पहिल्यांदा. आणि तिथे मला वाचवले ते माझ्या पोराने, एका चौकटीवर बोट ठेवून.

रात्री कागद पुन्हा काढला. या वेळी आम्ही एक नवा रकाना वाढवला : ‘कार्डाचा इतिहास’. धारवाडच्या कार्डाचा इतिहास पूर्ण माहीत होता. कधी घेतले, कुठे ठेवले, दोनदा साफ केले, पंख्याचा आवाज कधी सुरू झाला, सगळे. अस्सल ५८० आठ जीबी, इतिहास माहीत असलेले, याच किमतीत समोर आले असते आणि संगणकाचा डबा दणकट असता, तर मी स्वतः त्याला तेच घे म्हटले असते. नव्या खेळांत ते दोन पावले पुढेच राहते. पण आमच्या घरातल्या संगणकाला, आमच्या पडद्याला आणि आमच्या माहितीला १०६० जुळत होते. फोन गेला.

ज्या घरांत असाच कागद निघणार असेल त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. जुने कार्ड चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि तेही दोन मिनिटे नाही, एखादा अवजड खेळ लावून निदान अर्धा तास. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे चमकले, पंखा खरखरला किंवा संगणक आपोआप बंद पडला, तर नमस्कार करून निघावे. जीपीयू-झेडमध्ये ५८० चे हात २३०४ आणि १०६० चे १२८० दिसले पाहिजेत. १०६० चीही एक ३ जीबीची धाकटी बहीण आहे, तिचे हात ११५२. ती आता घेण्यात अर्थ नाही. तीच गोष्ट ४ जीबीच्या ५८० ची. दुकानात जाण्यापूर्वी घरच्या संगणकाचा डबा किती वॅटचा, त्याला कार्डाची वायर किती पिनांची आणि पेटीत लांबीला जागा किती, हे बघून टिपून न्यावे. पडदा फार जुना, निळ्या प्लगच्या व्हीजीए वायरचा असेल तर या कार्डांना ती थेट जुळत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो.

आणि एक मर्यादा मनाशी पक्की ठेवावी. दोन्ही कार्डे उतारवयाची आहेत. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुरूप असे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार असल्याचे जाहीर केले. एएमडीने ५८० च्या पिढीला २०२३ मध्येच वेगळ्या, संथ रांगेत बसवले. प्रकाशकिरणांचा हिशोब करणारी, रे ट्रेसिंग म्हणतात ती सोय दोन्हींत नाही. त्यामुळे २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ असे ती सोय सक्तीची असलेले खेळ खेळायचे असतील तर यांतले कुठलेही घेऊ नये, थोडे थांबून आणखी पैसे साठवावेत. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की एएमडीने २०२१ मध्ये आणलेली एफएसआर ही युक्ती दोन्ही कार्डांवर चालते. थोडे ठिपके काढायचे आणि मधले हुशारीने भरायचे. प्रतिस्पर्ध्याच्या कार्डालाही ती चालू दिली, हे विशेष. उलट एनव्हिडियाची स्वतःची डीएलएसएस ही तशीच युक्ती त्यांच्याच १०६० वर चालत नाही.

रविवारी मेहुणे एसटी स्टँडवरून थेट घरी आले. पिशवीत वर धारवाडी पेढ्यांचा पुडा आणि खाली टॉवेलात गुंडाळलेले कार्ड. मुलाने सहा हजार मोजून दिले. मेहुणे संकोचले, पण घेतले. पैसे त्यांच्या मुलाचे होते. उरलेले दोन हजार चिरंजीवांनी परत डब्यात टाकले. सौभाग्यवतींनी एकच अट घातली, सीईटी होईपर्यंत रोज एक तास. ती मान्य झाली.

संध्याकाळी कार्ड बसले, संगणक सुरू झाला, पडद्यावर कुठल्याशा शहरातला समुद्रकिनारा उजळला. सासूबाई चष्मा सावरत अगदी पडद्याजवळ गेल्या. इतके दिवस आम्ही ठिपक्यांच्या गप्पा मारत होतो, त्यांना ते बघायचे होते.

‘चुक्की काणसंगिल्लल्लो?’ त्या म्हणाल्या.

‘काणबारदु, अज्जी,’ चिरंजीव म्हणाले. ‘अदक्क रोक्क कोट्टीवी.’